मामांना दिलेली गोळी

"सात नंबर!" नर्सनं आतून हाक दिली. मी तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली केलं नाही.

वर्तमानपत्र कन्नड होतं आणि मला कन्नडचं एक अक्षर वाचता येत नाही. तरी बेळगावच्या त्या दवाखान्यात शिरल्यापासून अर्धा तास मी त्याचं पहिलं पान वाचत होतो. समोरच्या बाकावर धोतर-कोटातले एक गृहस्थ तसंच एक वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यांचंही वाचन माझ्याइतकंच असावं, कारण त्यांच्या पहिल्या पानावरचे मंत्री डोक्यावर उभे होते.

"सात नंबर कोण आहे? पटकन या हो!"

तिथं नावं घेत नसत. पितळी बिल्ला देत, त्यावर नुसता आकडा. बाहेरच्या पाटीवर 'पुरुषांचे विकार' एवढंच लिहिलेलं होतं आणि तेवढं वाचूनच आत यायला मला तीन महिने लागले होते. मी जयसिंगपूरला एका दूध संघात फॅट तपासायचं काम करत होतो. मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथं पावलागणिक दवाखाने. पण तिथल्या दर दुसऱ्या वॉर्डबॉयच्या घरची म्हैस आमच्या संघाला दूध घालायची. म्हणून मी बेळगाव गाठलं. वाटेत निपाणी लागतं. निपाणी माझी सासुरवाडी. बस तिथल्या स्टँडवर दहा मिनिटं थांबली, तेवढा वेळ मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो.

शेवटी उठलो. वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्याच वेळी समोरच्या गृहस्थांनी तंबाखू थुंकायला म्हणून त्यांचं खाली घेतलं.

ते माझे सासरे होते.

बाळगोंडा पाटील. निपाणीत तंबाखूची वखार, पांढऱ्या मिशा, वय चौसष्ट. चिमूटभर पान नाकाशी धरून कुठल्या शिवारातलं ते सांगणारे. लग्नाला सतरा वर्षं होऊनही मी त्यांच्यासमोर पायावर पाय टाकून बसलो नव्हतो.

"मामा?"

"जावईबापू?"



"मुतखडा," मामा म्हणाले.

"माझाही," मी म्हणालो आणि आत गेलो.

डॉक्टर हिरेमठ बारीक चणीचे, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसासारखे दिसत होते आणि बोलतही तसेच.

"किती दिवस झाले?"

"वर्ष होईल."

"इच्छा होते?"

"होते."

"पहाटे जाग येताना ताठरता असते?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "पूर्वी असायची."

"कॅलेंडरला सांगू नका, मला सांगा. सिगारेट?"

"सात-आठ."

"लघवीला रात्री किती वेळा उठता?"

"तीनदा. चारदाही."

त्यांनी माझं बोट टोचलं, रक्ताचा थेंब एका पट्टीवर घेतला. "साखर कधीपासून आहे?"

"मला साखर नाही, डॉक्टर."

"आता आहे. दोनशे शहाऐंशी."

मग रक्तदाब झाला, छातीला तारा लावून हृदयाचा कागद काढला, रक्ताच्या तीन-चार बाटल्या भरून घेतल्या. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "लोक म्हणतात, हे पुरुषार्थाचं दुखणं. तसं काही नाही. हे बरंचसं रक्ताच्या नळ्यांचं दुखणं आहे. तिथल्या नळ्या बारीक, त्या आधी तुंबतात. हृदयाच्या मोठ्या, त्यांची पाळी मागनं येते. म्हणून इथं तक्रार घेऊन आलेल्याचं हृदय आम्ही आधी बघतो. तुमचं चांगलं आहे. साखर आणि सिगारेटनं तुमची वाट लावली, आणि वरनं भीती. एकदा जमलं नाही की दुसऱ्यांदा माणूस घाबरतो, आणि घाबरला की जमत नाही. बायकोला सांगितलंय?"

"नाही."

"मग वर्षभर काय करताय?"

"झोप लागल्यासारखं करतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "साखरेचं औषध रोज. रोज चालायचं. सिगारेट बंद. या चार गोळ्या लिहून देतो. जादू नाही ती. घेऊन छताकडे बघत पडलात तर काहीही होणार नाही. आणि एक नीट ऐका. छातीत दुखलं की जिभेखाली एक गोळी ठेवतात ना? ही घेतल्यावर चोवीस तास ती चालत नाही. दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तदाब असा येतो." त्यांनी टेबलावरची पेन्सिल खाली टाकली. "आणि या गोळ्या कुणाला द्यायच्या नाहीत. पेढे नाहीत ते."

माझ्यानंतर आठ नंबर आत गेला. मी पळून जायला हवं होतं, पण सासऱ्यांना टाकून जायचं कसं? पाऊण तासानं मामा बाहेर आले ते संतापून.

"गोळी देत नाही म्हणतोय. म्हणतो, आधी पट्ट्यावर पळून दाखवा. हृदय तपासायचंय. मी काय शर्यतीचा बैल आहे?"

"मुतखड्याला पट्ट्यावर पळवतात?" मी विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मग आम्ही स्टँडकडे निघालो. बसमध्ये संकेश्वर मागं पडल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "किती दिवस?"

"वर्ष. तुमचं?"

"अडीच." मग म्हणाले, "घरी खडाच सांगायचा. दोघांनी."

घरी खडा सांगितला. तिथून आमचे हाल सुरू झाले. मामींनी निपाणीहून दहा किलो कुळीथ पाठवले. माझी बायको त्रिशला सकाळ-संध्याकाळ कुळथाचं कढण करून पुढ्यात ठेवायची आणि मी संपवेपर्यंत हलायची नाही. पानफुटीची पानं झाली, मक्याच्या कणसाच्या केसांचा काढा झाला. मामांचे शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर गुरुपाद कोरे, यांनी स्वतःचा पडलेला खडा कुंकवाच्या डबीत जपून ठेवला होता; तो त्यांनी मामांना धीर यावा म्हणून आणून दाखवला. मामा दर रविवारी फोन करायचे. शेजारी मामी उभ्या असायच्या, माझ्या शेजारी त्रिशला.

"जावईबापू, खडा काय म्हणतो?"

"जागेवरच आहे, मामा. तुमचा?"

"हलतोय असं वाटतं. पण नुसतं वाटतंच."

माझी साखर उतरू लागली होती. सिगारेट दोनवर आली. पण गोळ्यांचं पाकीट मी पिशवीच्या आतल्या कप्प्यात तसंच ठेवलं होतं. गोळी घ्यायची तर त्रिशलाला काहीतरी बोलावं लागणार होतं, आणि बोलायचं ठरवलं की मी पुन्हा झोप लागल्यासारखं करायचो.

महिन्याभरानं एका दुपारी मामा थेट दूध संघात हजर झाले. खांद्यावर कुळथाची पिशवी. मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं, दार लावलं.

"पट्ट्यावर पळालात?" मी विचारलं.

"सन्मतीच्या पोराचं बारसं झालं की पळतो. बुधवारी आहे, तुम्हाला यायचंच आहे." सन्मती म्हणजे माझा मेहुणा. मामा स्टुलावर बसले. "तुमच्याकडच्या चारांतली एक द्या."

"मामा, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय..."

"चाळीस वर्षं तंबाखूचे गठ्ठे उचललेत या छातीनं. तिला काय होतंय?"

"ती कुणाला द्यायची नाही म्हणाले. आधी तपासणी करा. मी येतो बरोबर."

मामा उठले, माझ्यासमोर उभे राहिले. "मुलगी दिली तुम्हाला. एक गोळी देत नाही?"

मी पाकीट काढलं, कात्रीनं एक गोळी कापली आणि त्यांच्या हातावर ठेवली. छातीत दुखलं तर काय करायचं नाही, हे दोनदा घोकून सांगितलं. त्यांनी गोळी चंचीत सुपारीच्या कप्प्यात टाकली.

बुधवारी सकाळी आम्ही निपाणीला पोचलो. दारात मांडव, घरभर माणसं. मामा मधल्या खोलीत लोडाला टेकून बसले होते आणि त्यांचं तोंड जास्वंदीसारखं लाल झालं होतं. येणारा प्रत्येकजण म्हणत होता, "आजोबा झाल्याचं तेज बघा!" मामा नाकानं सूं सूं करत हसत होते. मला बघताच त्यांनी खूण केली. मी कान जवळ नेला.

"घेतली," ते कुजबुजले. "पहाटे."

"आज? एवढ्या पाहुण्यांत?"

"आमची खोली तेवढी मोकळी होती."

"मग?"

"मग काय? तुमच्या मामी चारलाच उठून पुरणाला लागल्या होत्या."

मला हसू आवरेना. मामांनाही आवरेना. सासरा आणि जावई पोट धरून हसताहेत हे बघून मांडवातले लोकही कारण न कळता हसले.

अकराच्या सुमाराला पाळणा टांगायचा होता. जुना सागवानी पाळणा, चौघांनी उचलायचा. मामांनी कुणाचं ऐकलं नाही, स्वतः एक बाजू धरली. पाळणा कड्यांत अडकला, बायकांनी गाणं सुरू केलं, आणि मामा हळूच खाली बसले. हात छातीवर. कपाळावरून घाम गळायला लागला. डावा खांदा दाबत ते म्हणाले, "आवळतंय."

गाणं थांबलं. कुणी वारा घालायला धावलं, कुणी कांदा फोडला. कोरे पोस्टमास्तर गर्दीतून पुढं आले. त्यांना स्वतःला हृदयाचा त्रास होता, खिशात बाटली कायमची असायची. "बाजूला व्हा! जिभेखाली एक ठेवली की दोन मिनिटांत उतार पडतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी ती बारकी गोळी मामांच्या तोंडात घातली.

मला पेन्सिल दिसली. टेबलावरून खाली पडणारी.

मी उडी मारली. मामांच्या छातीवर गुडघा टेकून त्यांचा जबडा उघडला, दोन बोटं जिभेखाली घातली आणि गोळी उकरून बाहेर काढली. मांडवात किंकाळी उठली. सन्मतीनं माझी कॉलर धरून मला मागं खेचलं.

"वेड लागलं का तुम्हाला? मारता का आण्णांना?"

"ती गोळी चालत नाही!" मी ओरडलो. "ती दिली तर मरतील ते!"

"मी बारा वर्षं खातोय, मेलो नाही," कोरे रागानं म्हणाले आणि त्यांनी बाटलीतून दुसरी काढली.

"त्यांनी पहाटे एक वेगळी गोळी घेतलीय. तिच्यावर ही चालत नाही."

"कसली गोळी?" सन्मतीनं विचारलं.

पाळण्याभोवती वीस-पंचवीस बायका उभ्या होत्या. त्रिशला हातात घुगऱ्यांची परात घेऊन उभी होती. मामी चौकटीत. मामांनी डोळे उघडले. आजवर त्यांनी माझ्याकडं मालक गड्याकडं बघतो तसं बघितलं होतं. आता ते तसे बघत नव्हते.

"माझी गोळी," मी म्हणालो. "मला त्रास आहे. पुरुषाचा त्रास. वर्षभर झालं. त्याच्यावरची गोळी माझ्याकडे होती. मामांचं डोकं दुखत होतं, त्यांनी डोकेदुखीची समजून घेतली. चूक माझी आहे. आता गाडी काढा!"

कुणी हललं नाही. कोपऱ्यात बसलेल्या एका बहिऱ्या आत्याबाईंनी शेजारणीला विचारलं, "काय म्हणतोय गं जावई?"

शेजारीण त्यांच्या कानात मोठ्यांदा म्हणाली, "त्याला जमत नाही म्हणे!"

"अरे देवा. आणि सासऱ्याच्या तोंडात बोटं का घालतोय मग?"

मामांनी घामेजलेली मान कशीबशी हलवली. "डोकेदुखी," ते पुटपुटले. "डोकेदुखीच होती."

सन्मतीनं कॉलर सोडली आणि गाडीकडे धावला.

कोल्हापूरला पोचायला पन्नास मिनिटं लागली. मामांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचरवर घेताना मी डॉक्टरांना गोळीचं नाव, ताकद आणि घेतल्याची वेळ सांगितली. तो तरुण डॉक्टर थांबला. "कोणी जिभेखालची सॉर्बिट्रेट दिली का?"

"दिली होती. विरघळायच्या आत बाहेर काढली."

"कुणी?"

मी दोन बोटं वर केली.

"फार बरं केलंत," तो म्हणाला आणि स्ट्रेचरबरोबर पळाला.

तिसऱ्या मजल्यावर, बंद काचेच्या दारासमोर, बाकावर मी, त्रिशला आणि मामी. सन्मती खाली कागद करायला गेला होता. त्रिशला माझ्याकडे सरकली.

"चारांतली एक कमी होती," ती हळूच म्हणाली. "पिशवीत पाकीट सापडलं मला. मेडिकलवाल्याला विचारलं कशाची. चार दिवस मी त्या एका गोळीचा विचार करतेय. घरात तर घेतली नाही. मग कुणासाठी घेतली?"

"त्रिशला..."

"त्याच्या आधी मला वाटायचं, मी जाड झाले म्हणून."

मी तिचा हात धरायला गेलो तर तिनं तो काढून घेतला. मग थोड्या वेळानं स्वतःच परत ठेवला.

मामींना आतून बोलावणं आलं. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर सारखा करून आमच्याजवळ बसल्या. पद्मावतीमामी म्हणजे जावयासमोर आवाज न चढवणाऱ्या, दाराआडून बोलणाऱ्या.

"शुद्धीवर आहेत. दोन नळ्या तुंबल्यात म्हणे. तारेनं उघडणार." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही खोटं बोललात."

"मामी, मी..."

"पंचेचाळीस वर्षं संसार केलाय मी. त्यांचं डोकं कधी दुखलं नाही. दुसऱ्यांची दुखवली."

"आई?" त्रिशला म्हणाली.

मामी पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या. "बेळगावच्या डॉक्टरची पाटी बसमधनं मीच बघितली होती. मीच म्हटलं, जाऊन या. अडीच वर्षं तो माणूस तोंड पाडून वखारीत झोपत होता. मला काय ते हवं होतं असं नाही. पण माणूस जवळ तरी असावा ना! जाऊन आले आणि मला म्हणाले, डॉक्टर म्हणतो मुतखडा आहे. मी म्हटलं, असेल."

"म्हणजे मांडवात मी बोलत होतो तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत, मामी? एवढ्या बायकांत माझं..."

"पंचवीस बायकांसमोर?" मामींनी डोळे विस्फारले. "मी सासू आहे!"

त्रिशलाच्या तोंडून विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. आणि मग ते हसणं खरोखरच रडण्यात उतरलं.

दुपारी चारला काचेचं दार उघडून हृदयाचे मोठे डॉक्टर बाहेर आले. दोन्ही नळ्या उघडल्या होत्या, धोका टळला होता. तंबाखू आजपासून बंद, तिखट-तेल कमी, सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. सन्मतीनं हात जोडले. डॉक्टर निघाले तशा मामी उठून उभ्या राहिल्या.

"डॉक्टरसाहेब, आणि बाकीचं?"

"बाकीचं काय, आजी?"

मामींनी पदर सारखा केला. मी फरशीवरच्या नक्षीकडे बघू लागलो. सन्मतीला एकाएकी खिशातली किल्ली शोधायची आठवण झाली.

"नवरा-बायकोचं," मामी स्पष्ट आवाजात म्हणाल्या. "मागनं कुणाकुणाच्या तोंडात बोटं घालायची पाळी नको. आत्ताच विचारून ठेवते."

डॉक्टरांचा चेहरा क्षणभर बदलला, पण त्यांनी सरळ उत्तर दिलं. "सहा आठवड्यांनी तपासणीला आणा. दोन जिने न थांबता, दम न लागता चढता आले तर हरकत नाही. पण ती गोळी आम्हाला विचारल्याशिवाय नाही."

"बरं," मामी म्हणाल्या आणि बसल्या.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मामा गेल्या भाद्रपदात गेले, ऐंशी वर्षांचे होऊन. मला शेवटपर्यंत 'जावईबापू' म्हणायचे, पण त्या बुधवारनंतर मी त्यांच्यासमोर पायावर पाय टाकून बसायचो. निपाणीत मी बाजारात दिसलो की अजूनही दोन-चार म्हाताऱ्या पदराआड हसतात.

त्या बुधवारी संध्याकाळी सन्मतीला मामींजवळ बसवून मी आणि त्रिशला खाली चहाला गेलो होतो. सकाळपासून तिनं पोटात काही घातलं नव्हतं. कॅन्टीनमध्ये आम्ही एका बाजूला बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं: साखर, सिगारेट, भीती, डॉक्टरांची कॅलेंडरवरची बोलणी. चहा संपल्यावर दोघं परत निघालो. लिफ्टसमोर रांग होती. मी रांगेत उभा राहिलो.

त्रिशला पुढं गेली होती. तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं, वर जाणाऱ्या पायऱ्यांकडं पाहिलं.

"जिन्यानं येता?" ती म्हणाली.

मी रांग सोडली. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी कुठंही थांबलो नाही.